निंगव्वाची गाय

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, पोटच्या लेकींना नाही. तुम्हाला का सांगते आहे? आता ऐकून रागावणारं कुणी उरलं नाही, म्हणून असेल.

गोऱ्या साहेबाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. वळसंगला आमचं घर. मी थोरली सून, निंगव्वा माझी धाकटी जाऊ. ती अक्कलकोटकडची, बोलता बोलता कानडीत घसरायची. येताना माहेरची गाय घेऊन आली होती. पहाटे गोठ्यात शिरून ‘बा तायी, बा’, म्हणजे ‘ये आई, ये’, म्हणायची आणि गाय तिच्या खांद्यावर मान टाकायची. मला ‘अक्का’ म्हणे. कधी उलटून बोलली नाही.

मग मला काय सलत होतं? सांगायलाही लाज वाटते — एकदा पाहुण्यांसमोर सासूबाई म्हणाल्या, “धाकटी आली अन् घरात दूधदुभतं आलं.” एवढंच. मी इतकी वर्षं त्या घरात राबत होते, माझ्या पायानं काहीच आलं नव्हतं?

त्याच दुपारी घरात कुणी नव्हतं. अंगणात ज्वारी वाळत होती. गाय दावं तोडून आली आणि तिनं वाळवणात तोंड घातलं. हाकलली असती तर गेली असती — गरीब जनावर ते. मी मुसळ उचललं. कानाखाली घातलं, गालफडावर घातलं. एकदाच नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा तो कान लोंबला. ओठ वाकडा झाला, लाळ गळू लागली. चारा गालातच अडकून राही. त्या बाजूचा डोळा मिटेना. निंगव्वा बोटं घालून गालातला चारा काढायची, डोळ्यावर ओलं फडकं धरायची. फडकं भिजवून कोण देत होतं? मीच.

मंद्रूपच्या बाजाराला गुरांचा सरकारी डॉक्टर यायचा. दीर गाय तिकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी कानाखाली चाचपून पाहिलं. म्हणाले, “चेहऱ्याची शीर दुखावलीय. जोराचा मार बसलाय हिला. कुणी मारलं?”

घरी येऊन दिरांनी तसंच सांगितलं. सगळे निंगव्वाकडं बघू लागले, कारण गायीचं सगळं तीच करायची. तिनं गायीच्या पाठीवर हात ठेवून शपथ घेतली. कुणी मानली नाही. मग ती माझ्याकडं वळली. “अक्का, तुमी तर सांगा की. मी मारीन का हिला?”

तेव्हा सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं — नाही, खोटं कशाला बोलू? आलं नव्हतं. मी म्हणाले, “मी काय बघाय हुते व्हय?”

“मुक्या जितराबाला मारती, उद्या लेकराला मारंल,” सासूबाई म्हणाल्या. दिरांनी तिला माहेरी नेऊन सोडलं. गाय ठेवून घेतली. नंतर दिरांनी दुसरं लग्न केलं, आणि त्या लग्नाच्या पुरणपोळ्या मीच लाटल्या.

निंगव्वा गेल्यावर गायीच्या गालातला चारा काढणारं कुणी राहिलं नाही. उघड्या डोळ्यात फूल पडलं. खंगत खंगत उन्हाळ्यात ती मेली. मी काढू शकले असते तो चारा. तिच्या तोंडात हात घालणं माझ्यानं झालं नाही.

पुढं किती तरी वर्षांनी मंद्रूपच्या बाजारात निंगव्वा भेटली. भावाच्या घरची शेरडं राखत होती. वाळून गेली होती. आपल्याबद्दल काही बोलली नाही, कुणाला दोष दिला नाही. विचारलं फक्त, “अक्का, गाय कशी हाय?”

मी म्हणाले, “बरी हाय गं. डोळा मिटती आता.”

ती हसली. मग धाकटी ना ती — भर बाजारात वाकून माझ्या पाया पडली.

मी पडू दिलं.