नवरे घरी परतल्यावर

महायुद्ध जिंकलेल्या अमेरिकेची भरभराट म्हणजे काय, ते मला सिंगापूरच्या ईस्ट कोस्टवरच्या एका कॉन्डोत कळलं. ताईच्या शेजारच्या अमेरिकन म्हातारीने पोळपाटाजवळ हात पसरला. तीन बोटं वाकडी.

"फ्रिजच्या दारात," ती म्हणाली. "नवाकोरा होता. आमच्या रस्त्यावर पहिला."

पुरुष लढायला गेले तेव्हा ही बाई गोदीत जहाजांचे पत्रे वेल्डिंग करायची. पँट घालायची, स्वतःचा पगार आणायची. युद्ध संपलं आणि फाटकावरच बायकांना सांगितलं, आभारी आहोत, आता घरी जा. नवरा परतला. घर आलं, मोटार आली, टीव्ही आला. तिने पुन्हा काम शोधलं, तेव्हा त्याने तिचा हात फ्रिजमध्ये धरून दार लोटलं. शेजाऱ्यांनी काय केलं? टीव्हीचा आवाज वाढवला. देश सुखात होता ना!

ताई पोळ्या लाटत ऐकत होती. गाल काळानिळा, म्हणून सकाळची रजा. भावोजी मरीन इंजिनिअर. ते जहाजावर असले की बँक, घरमालक, नळाची गळती, सगळं ताई बघायची. तांजोंग पगार भागातल्या ऑफिसातली नोकरीही तिने स्वतः मिळवलेली. पण नवरा खेप संपवून, साइन-ऑफ करून घरी आला की जहाजवाल्यांच्या बायका किल्ल्या, चेकबुक मुकाट त्याच्या हाती देतात. आपण याला संसार म्हणतो! या खेपेला भावोजींनी नोकरीही सोडायला सांगितली. ताई नाही म्हणाली, म्हणून तो गाल.

मी पुण्यात स्त्रीमुक्तीची पत्रकं वाटून तयार झालेली. म्हटलं, "ताई, पोलिसांत चल."

"तुझं सोपं आहे गं. माझा इथे राहायचा पास त्यांच्या नोकरीवर आहे."

तेवढ्यात भावोजी आत आले. "वा, महिला मंडळ भरलंय! ही गोरी म्हातारी शिकवतेय होय तुला?"

त्यांनी ताईचे केस मुठीत धरले आणि तिला फोनपर्यंत फरफटत नेलं. मी मध्ये पडले तर कोपर छातीत मारून मला भिंतीवर फेकलं. ऑफिसचा नंबर फिरवून रिसीव्हर तिच्या तोंडाशी धरला. "सांग, नोकरी सोडली. बोल!"

ताई इंग्रजीत स्वच्छ बोलली, "मला आज आणखी उशीर होईल. नवरा मारतोय. आधी पोलिसांकडे जाते, मग येते."

तोच रिसीव्हर तिच्या तोंडावर बसला. दात तुटला. दुसरा फटका पडायच्या आत म्हातारीने लाटणं उचलून त्यांच्या मनगटावर हाणलं. हाड वाजलं. मला आनंद झाला, लपवत नाही.

लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरचे मराठी काका भेटले. "पडलीस का गं?"

"नाही काका, ह्यांनी मारलं."

काका मजल्यांचे आकडे बघत राहिले.

तक्रार देऊन ताई ऑफिसकडे वळली. ओठ सुजलेला, कुडत्यावर रक्त. मी म्हटलं, "अगं, कपडे तरी बदल."

"कुठे? त्या घरी जाऊन?" ती म्हणाली आणि एमआरटी मेट्रोच्या जिन्याला लागली.