सहा जणींची एकच म्हैस

विद्यार्थी शिकतात कसे, लिहितात कसे आणि आपण त्यांना मार्क देतो ते कशाचे, ह्यावर मी संशोधन करते असं निपाणीला घरी सांगितलं, तेव्हा आप्पांनी वर्तमानपत्रातून मानही वर काढली नाही. "त्यात काय शोधायचं? बसून शिकतात," ते म्हणाले. आईने मात्र मनापासून विचारलं, "मग तुला कळलं तर पोरांना सांगणार काय गं?" मी हो म्हणाले. अजून काही कळलं नव्हतं ही गोष्ट वेगळी.

मी बेळगावच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते आणि कॅम्पात एका चर्चच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत राहते. माझी एक स्कूटी आहे, म्हणजे कागदोपत्री माझी. प्रत्यक्षात तिचा मुक्काम खडेबाजारातल्या गॅरेजवाल्याकडेच जास्त. संशोधनासाठी मी वर्गात एक प्रश्नावली वाटली होती. रोज किती वेळ अभ्यास करता, कुणाबरोबर करता, न समजलेलं कुणाला विचारता. झाडून सगळ्यांनी लिहिलं की रोज चार तास, एकट्याने, आणि न समजलेलं शिक्षकांना विचारतो. इतकी आदर्श मुलं माझ्या वर्गात असती तर मी पगार न घेता शिकवलं असतं. मला भयंकर राग आला. खोटं लिहिलं म्हणून नव्हे, इतकं कंटाळवाणं खोटं लिहिलं म्हणून.

त्यानंतर अंतर्गत परीक्षा झाली आणि आमच्या विभागप्रमुखांनी मला बोलावून घेतलं. सर बैलहोंगलकडचे, घरी कन्नड, पण मराठी बिनदिक्कत बोलणारे. शिस्तीला कडक. त्यांच्यापुढे दुसऱ्या वर्षाच्या सहा उत्तरपत्रिका उघड्या होत्या.

"मॅडम, हे वाचा आणि मला सांगा, ह्या सहा जणींची काकू एकच काय? का सहा काकूंची मिळून एक म्हैस?"

प्रश्न साधा होता. भाव वाढला तरी मालाचा पुरवठा लगेच का वाढत नाही? पुस्तकात गव्हाचं उदाहरण होतं. सहाही पत्रिकांत गहू नव्हता, म्हैस होती. दिवाळीत दुधाचा भाव वाढला, आमच्या काकूच्या म्हशीनं मात्र रोजच्याइतकंच दूध दिलं, कारण भाव वाढला हे म्हशीला कोण सांगणार? सहा जणींनी तोडक्यामोडक्या इंग्रजीत, पण ह्याच क्रमाने हेच लिहिलं होतं, शेवटच्या प्रश्नचिन्हासकट. मला हसू आवरेना. सर हसले नाहीत.

"ही कॉपी आहे. आणि कॉपी म्हटली की अंतर्गत मार्क शून्य. शून्य असलं की सेमिस्टरला बसता येत नाही."

सहाही मुली कंग्राळीच्या, शेतकरी घरांतल्या. परीक्षेला त्या एका खोलीतही नव्हत्या, दोन मजल्यांवर विखुरल्या होत्या, हे मी सांगून पाहिलं. "मोबाईल कशाला असतो, मॅडम?" सर म्हणाले. परवा सकाळी समितीपुढे सुनावणी ठरली.

त्यांतली एक वर्गात पहिल्या बाकावर बसायची. उंच, सावळी, प्रश्न विचारताना हात वर करण्याऐवजी सरळ उभीच राहायची. ती मला जिन्यात गाठून म्हणाली, "मॅडम, माझं वर्स गेलं तर कॉलेज बंद हाय. अण्णानं घालतानाच सांगिटलंय, नापास झालीस की घरात बस म्हणून." ती रडली नाही, नुसती सांगत होती. 

त्या संध्याकाळी मी कंग्राळीला गेले, स्कूटी चक्क सुरू झाली म्हणून. मुलीने सांगितलेल्या खुणेप्रमाणे काकूचं घर सापडलं. गोठ्यापुढे लांब दगडी कट्टा होता आणि त्या कट्ट्यावर माझ्या सहाही चोरट्या ओळीने बसल्या होत्या. एक बोलत होती, पाच ऐकत होत्या. समोर म्हैस रवंथ करत होती. मला पाहून सगळ्या उठल्या.

"काय चाललंय?"

"पैरा, मॅडम," पहिल्या बाकावरची म्हणाली.

पैरा मला ठाऊक होता, शेतातला. आज सगळ्यांनी माझ्या रानात राबायचं, उद्या तुझ्या, परवा तिच्या. मजुरी नाही, फक्त फेड. ज्याच्या रानात काम केलं त्यानं आपल्या रानात यायचंच. ह्या पोरींनी तोच अभ्यासाला लावला होता. प्रत्येकीनं एक धडा घ्यायचा, डोकं फोडून समजून घ्यायचा आणि बाकीच्यांना कट्ट्यावर मराठीत समजावून सांगायचा. आपापल्या घरी जाऊन मग जिनं तिनं इंग्रजीत लिहून काढायचं.

"सगळ्यांनी सगळं वाचत बसलं तर कवा व्हायचं?" तिने विचारलं. "घरात कामं न्हाईत व्हय? पुरवठ्याचा धडा माझा व्हता. म्हस म्होरंच हुबी व्हती, मग गव्हाचं कशाला सांगू?"

एवढ्यात काकू दुधाची चरवी घेऊन बाहेर आली. ती सहा जणींपैकी एकीचीच चुलती, बाकीच्यांची शेजारीण. पण साऱ्या गल्लीची काकू. सरांची शंका मी तिच्या कानावर घातली. "सगळ्या मला काकूच म्हणत्यात. त्यात सरांचं काय गेलं?" ती म्हणाली, आणि माझ्या हातात चहा दिला.

मी परत आले ती हवेत तरंगतच. इतके महिने प्रश्नावली वाटत फिरत होते आणि मला हवं होतं ते एका गोठ्यापुढे बसलं होतं. "प्रश्नावलीत हे का नाही लिहिलंत?" असं मी निघताना विचारलं होतं. "एकट्यानं करतो म्हटलं की शाणं वाटतंय की," एक जण म्हणाली होती.

सुनावणीत मी पैऱ्याचं सगळं सांगितलं. उदाहरण एक असलं तरी प्रत्येकीचं इंग्रजी वेगळं आहे, चुकासुद्धा वेगवेगळ्या आहेत, हेही दाखवलं. शब्द मुद्दाम बदलले असतील, सर म्हणाले. मग मी म्हटलं की आत्ता, इथेच, सहा जणींना सहा कोपऱ्यांत बसवा, नवा प्रश्न द्या आणि हव्या त्या भाषेत लिहू द्या.  सरांनी फळ्यावर लिहिलं: काळ जाईल तसा पुरवठा कसा बदलतो? स्वतःचं उदाहरण द्या.

मुली लिहू लागल्या आणि मला शंका आली. पैऱ्यातून नुसतं पाठांतर होत असेल तर? मग माझं संशोधन तर गेलंच, पण त्याचं काही वाटलं नसतं. त्या पहिल्या बाकावरच्या पोरीचं कॉलेज जाणार होतं आणि नव्या प्रश्नाची कल्पना माझीच होती.

आधी पाच कागद वाचून झाले. एकीनं रताळी लिहिली होती, एकीनं दसऱ्याचा झेंडू, एकीनं बाजाराला जाणारे टेंपो, एकीनं कोथिंबीर, आणि एकीनं कॉलेजसमोरची वडापावची गाडी. एकातही म्हैस नव्हती. सरांच्या कपाळावरच्या आठ्या एकेका कागदाबरोबर सुटत चालल्या. मी सुटकेचा श्वास घेणार तोच त्यांनी सहावा कागद उचलला आणि तो थेट माझ्यापुढे धरला.

"मॅडम. परत म्हैस."

कागद पहिल्या बाकावरचीचा होता. मला तिचा असा राग आला की काय सांगू. इतकं सगळं जमून आलं आणि हिनं पुन्हा तीच म्हैस बांधली! सर म्हणाले, "तुम्हीच वाचा मोठ्यानं." ती भिंतीकडे बघत उभी होती. मी वाचायला लागले.

"मागच्या पेपरात म्हशीचं उत्तर अर्धं राहिलं, वेळ संपला. तीन वर्षांमागच्या त्या दिवाळीत दूध वाढलं नाही हे खरं. पण त्यानंतरही भाव उतरला नाही. काकूनं रेडकू विकायला काढलं होतं, ते भाव बघून ठेवून घेतलं. त्या रेडकाची आता म्हैस झाली आहे आणि ती गाभण आहे. म्हणजे पुरवठा वाढायला काही वर्षं लागली, पण तो वाढणार. म्हशीला भाव कळत नाही, काकूला कळतो."

 सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आमच्या घरी दोन म्हशी होत्या," ते म्हणाले. मग त्यांना हसू फुटलं, आणि ते असं की शेजारच्या वर्गातले दोघे डोकावून गेले. "म्हशीला भाव कळत नाही, काकूला कळतो! अय्यो! मॅडम, हे वाक्य मी उद्या वर्गात सांगणार. मला कॉपी म्हणू नका."

मार्क परत मिळाले. सहाही जणी सेमिस्टरला बसल्या. बाहेर आल्यावर मी तिला गाठलं आणि आधी चांगलं झापलं. दुसरं उदाहरण सुचत नव्हतं का? एवढा धोका कशाला?

"सुचत व्हतं की, मॅडम. बटाटं लिवणार व्हतो. पण म्हस मीच पयली सांगिटली व्हती. मी बी ती सोडली असती तर ती खोटी ठरली असती. मग ती कुणाचीच न्हाय झाली असती."

 मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि झापणं आवरतं घेतलं.

पुढे काकूची ती धाकटी म्हैस व्याली तेव्हा खरवस खायला म्हणून मला कंग्राळीला बोलावणं आलं. खरवस अप्रतिम होता. वाटी खाली ठेवल्यावर पहिल्या बाकावरची म्हणाली, "मॅडम, आमच्याकडनं तुमच्या संशोधनासाठी सगळं ऐकून घेटलं न्हवं? आता तुमचा पैरा फेडा. खर्चाचा धडा कुणालाच कळंना झालाय."

मग मी कट्ट्यावर बसले. पुस्तकातला कारखाना सांगून झाला, कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटेना. शेवटी मी माझी स्कूटी पुढे आणली. ती चालो न चालो, विमा भरावाच लागतो, तो स्थिर खर्च. चालली तर पेट्रोल, तो बदलता खर्च. माझी बहुतेक वेळा गॅरेजात असते, म्हणून माझा सगळाच खर्च स्थिर. पोरी हसून लोळायच्या बाकी राहिल्या. त्या सहा जणी, काकू आणि दोन म्हशी सोडून ते ऐकायला तिथे कुणीही नव्हतं.

वर्षभराने सरांनी मला पुन्हा बोलावलं. पुढे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता, नव्या तुकडीचा. त्या तुकडीला मी कधी शिकवलंच नव्हतं.

"मॅडम," सर म्हणाले, "ह्या पोरांत मला एक स्कूटी सापडली आहे. कायम गॅरेजात असते. चौदा जणांच्या पेपरात आहे."

मी पत्रिका हातात घेतल्या. शहापूरच्या विणकरांची मुलं होती, वडगावची होती, कंग्राळीची तर होतीच. मी खिडकीतून खाली पाहिलं. आवारातल्या झाडाखालच्या पारावर ही पोरं गोल करून बसली होती आणि मधोमध, आता शेवटच्या वर्षाला असलेली, पहिल्या बाकावरची उभी राहून काहीतरी सांगत होती.

"कुणाची आहे ही स्कूटी?" सरांनी विचारलं.

"माझी, सर," मी म्हटलं आणि खाली पाराकडे बोट दाखवलं. "पण आता तिची आहे."