‘लीव्ह’चं चौथं कार्ड

परबबाई लग्नपत्रिका कधी टाकून देत नसत. बिल्डिंगमध्ये कुणाकडे लग्न झालं की उरलेल्या पत्रिका मागून आणायच्या, जाड पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे कापायच्या आणि कोऱ्या बाजूला इंग्रजी शब्द लिहायच्या. त्यामुळे ‘गेट’च्या पाठीवर अर्धा गणपती असे, आणि ‘टेक’च्या पाठीवर ‘माझ्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’ एवढंच उरलेलं. एका शब्दाचे जितके अर्थ, तितकी कार्डं. मग ती रबरबँड लावून बिस्किटांच्या डब्यात जायची.

त्या आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एकट्या राहायच्या. मूळच्या कुडाळकडच्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून आयुष्य गेलं, आणि इंग्रजी त्या तिथेच कानाला हेडफोन लावून शिकल्या. निवृत्त झाल्यावर सोसायटीच्या मीटिंगच्या खोलीत त्यांनी बायकांसाठी क्लास सुरू केला. येणाऱ्या बहुतेक जणींची मुलं इंग्रजी शाळेत होती, आणि शाळेतल्या ओपन डेला वर्गाच्या बाईंसमोर तोंड उघडायची या सगळ्यांना भीती वाटायची. “पोरगा पहिला येतो आणि आई दाराबाहेर उभी. असं चालणार नाही गो,” परबबाई म्हणायच्या.

माझी आईही त्या क्लासला जायची. तिने मुलुंडमध्येच एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनची नोकरी धरली होती. “ह्यांची नाशिकला बदली झाली ना, वेळ जात नाही,” असं ती सगळ्यांना सांगायची.

मला परबबाईंनी जिन्यात गाठलं. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि जिन्यात कुणी भेटू नये म्हणून आधी कानोसा घेऊन खाली उतरायची. त्या दिवशी चुकले. त्यांनी हातात कार्ड दिलं आणि विचारलं, “ह्याचं स्पेलिंग बरोबर आहे?” नव्हतं. कानाने शिकलेलं इंग्रजी कागदावर घसरायचं. माझं उलट होतं. इंग्रजी येत होतं, पण त्याला मराठीत काय म्हणायचं ते आठवायला मला वेळ लागायचा. “झालं तर. स्पेलिंग तुझं, कान माझा,” त्या म्हणाल्या. पुढचं दीड वर्ष मी दर शनिवारी दुपारी त्यांच्याकडे जात होते. क्लाससाठी त्यांना एक पुस्तिका काढायची होती.

त्यांचा एक हट्ट होता. कार्डावर अर्थाखाली इंग्रजीत आणि मराठीत एक वाक्य लागायचं, आणि ते कुणीतरी खरोखर बोललेलं हवं. मी एकदा शाळेच्या पुस्तकातल्यासारखं ‘राम बाजारात जातो’ छापाचं वाक्य दिलं. त्यांनी कार्ड परत सरकवलं. “कोण हा राम? काय आणायला गेला? बनवलेलं वाक्य डोक्यात राहत नाही, बाय.” म्हणून त्या भाजीवाल्याची, वॉचमनची, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाची वाक्यं टिपून ठेवायच्या. माझं मराठी सुधारलं ते त्या डब्यावर.

‘लीव्ह’ हा शब्द आम्हाला तीन शनिवार पुरला. निघणे. सोडणे. रजा. ठेवून जाणे. उरणे. एखाद्यावर सोपवणे. चौथ्या कार्डावर त्या अडल्या. “ठेवून जाणे. दे गो एक वाक्य. तुझ्या घरातलं.”

मी कुणाला काही सांगणारी मुलगी नाही. त्या दिवशी का बोलले ते मला अजून नीट सांगता येत नाही. म्हणाले, “बाबा गेले तेव्हा वाचायचा चष्मा फ्रिजवर ठेवून गेले. म्हणून आम्हाला वाटलं, येतील.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “नाशिकला गेले तेव्हा?”

“नाशिकला नाही गेले.”

मग सगळंच सांगितलं. ते दुसऱ्या कुणाबरोबर राहतात, ठाण्यातच. दोन वर्षं झाली. आईने मला शपथ घातली होती की हे दाराबाहेर जाता कामा नये. परबबाईंनी उठून मला पाणी दिलं. “एक्स्चेंजमध्ये किती लोकांचं काय काय कानावर पडायचं. एक शब्द कधी बाहेर नेला नाही मी. आईला सांगू नको, मला सांगितलंस म्हणून. माझ्याकडे आलेलं माझ्याकडे राहतं.”

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. माझ्यासारखीला ते सोपं नसतं, एवढंच म्हणते.

पुस्तिका स्पायरल बाइंडिंग करून आली त्या दिवशी परबबाईंनी मला क्लासला बोलावलं. सगळ्या जणी पाळीपाळीने एकेक वाक्य वाचत होत्या. ‘लीव्ह’चं पान आलं. चौथं वाक्य आमच्या शेजारच्या सावंतकाकूंच्या वाट्याला आलं. त्यांनी एकेक शब्दावर बोट ठेवत आधी इंग्रजी वाचलं, मग खालचं मराठी. बाबा चष्मा फ्रिजवर ठेवून गेले. आम्हाला वाटलं, ते परत येतील.

“कोणाचे बाबा हे, इतके विसराळू?” सावंतकाकू हसल्या.

“पुढे वाचा, पुढे,” परबबाई म्हणाल्या.

आई माझ्याकडे बघत नव्हती. तिचं बोट पानावर होतं. पुढच्या वाक्याची पाळी तिचीच होती, आणि ते तिने न अडखळता वाचलं.

संध्याकाळी मी परबबाईंकडे गेले. आवाज चढवायची मला सवय नाही, त्यामुळे मी फक्त पान उघडून समोर धरलं.

“नाव कुठे घातलंय तुझं?” त्या खरंच गोंधळल्या होत्या. “अगं, सगळ्यात चांगलं वाक्य आहे ते पुस्तकातलं. मुद्दाम घेतलं.”

“तुम्ही म्हणाला होतात, तुमच्याकडे राहील.”

त्यांनी पुस्तिका माझ्या हातातून घेतली आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, “थांब. करते मी काहीतरी.”

त्यांनी जे केलं ते त्याच करू जाणोत. दुसऱ्या दिवशी कागदाच्या पांढऱ्या पट्ट्या आणि गोंदाची बाटली घेऊन त्या घरोघर फिरल्या. “प्रिंटिंगची चूक आहे,” असं सांगून प्रत्येकीच्या पुस्तिकेत तेवढ्या एका वाक्यावर पट्टी चिकटवली. तोवर ते वाक्य कुणाच्या लक्षातही नव्हतं. पट्टी लागल्यावर मात्र प्रत्येकीने ते पान ट्यूबलाइटसमोर धरलं. सावंतकाकू चौथ्या दिवशी विरजण मागायला आल्या. फ्रिजवर चष्म्याचं घर तसंच होतं. आईने ते हलवलं नव्हतं. काकूंनी त्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि वाटी घेऊन लगेच निघाल्या. आठवड्याभरात जिन्यात सगळ्यांचा आवाज आमच्याशी बोलताना खाली यायला लागला.

परबबाई मात्र समाधानी होत्या. “झाकलं बघ, बाय. आता कुणाला कळायचं नाही.” मी मान हलवली आणि शनिवारी जाणं बंद केलं. त्यांनी दोनदा वॉचमनबरोबर निरोप पाठवला. तिसऱ्यांदा कोरी कार्डं पाठवली. मी ती तशीच परत केली.

पुढच्या वर्षी त्या गुडघ्यांमुळे बहिणीकडे कुडाळला गेल्या. टेम्पो भरत होता तेव्हा मी वर खिडकीत होते. त्यांनी वर बघून हात केला. मी पडद्यामागे सरकले.

यंदा त्या गेल्याचा फोन आईला आला. आई त्यांच्याशी अधूनमधून बोलत होती, हे मला तेव्हाच कळलं. मला ते आवडलं नाही आणि मी तसं म्हणाले. “एवढं सगळं करूनही? तू बोलत होतीस त्यांच्याशी?”

आई डबे घासत होती. “तिने लिहिलं ते चुकलंच तिचं. मी तोंडावर सांगितलंय तिला.” नळ बंद करून ती माझ्याकडे वळली. “पण दोन वर्षं आपण दोघी एकाच घरात, एकाच फ्रिजसमोर होतो. तुला वाटत होतं ते येतील, हे मला तू कधी बोलली नाहीस. मला ते सावंतच्या तोंडून ऐकायला लागलं.”

आईने हात पुसले. “मलापण वाटत होतं,” ती म्हणाली, आणि राहिलेले डबे घासायला लागली.