चौक नसलेला सिग्नल

"हिरवा दिवा कोणासाठी?" मी विचारलं.

"कोणासाठीच नाही. फक्त लाल," तेल्मो म्हणाला.

डॅलसपासून दूर, कापसाच्या शेतांमधल्या सरळसोट रस्त्यावर आम्ही उभे होतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तिथल्या काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, ट्रॅफिक इंजिनीअर. तेल्मो पोर्तुगालचा फिल्म डायरेक्टर. स्टुडिओ नाही, स्टार नाहीत, सगळं आपल्या मनाचं. त्याच्या आधीच्या फिल्ममध्ये एक माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत छत्री दुरुस्त करतो. समीक्षक खूश होते. प्रेक्षक आलेच नव्हते.

आता त्याला या ओसाड जागी सिग्नल हवा होता. बायकोला सोडून निघालेला हीरो लाल दिव्यापाशी थांबतो, विचार करतो आणि गाडी मागे वळवतो, असा शेवटचा सीन होता.

"खोटा लाव," मी म्हणालो.

"खोट्या दिव्यापाशी ॲक्टरसुद्धा खोटं थांबतो. हा सीन गेला तर मी लिस्बनला जाऊन टूथपेस्टच्या जाहिराती करणार, इंजिनीअर."

खऱ्या सिग्नलला आमच्याकडे वॉरंट लागतं. पोलिसांचं नव्हे. आडव्या रस्त्याने किती गाड्या येतात, अपघात किती होतात, असे निकष असतात; ते पूर्ण झाले की वॉरंट भरलं म्हणतात. इथे आडवा रस्ताच नव्हता.

माझा बॉस बिल म्हणाला, "आप्टे, त्याची माणसं आपल्या गावच्या मोटेलमध्ये उतरलीत, धंदा मिळतोय. काहीतरी जमव."

"माझं लायसन्स जाईल."

"मग लायसन्स न जाता जमव."

शेवटी शूटिंगपुरतं टेंपररी परमिट देऊन खरा सिग्नल उभा केला. रस्ता दोन्हीकडून बंद, तिथे शेरीफची माणसं उभी. कॅमेरा सुरू झाला. हीरो लाल दिव्यापाशी थांबला. आणि त्याच्यामागे एक पिकअप येऊन उभा राहिला.

आत सत्तरीची डॉली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची शेतं तिची. "ती इथलीच आहे," म्हणून शेरीफच्या माणसाने तिला सोडलं होतं.

बराच वेळ थांबून ती उतरली आणि हीरोच्या खिडकीशी गेली. "हनी, हा दिवा बिघडलाय. तू जा."

"कुठे जाऊ, तेच कळत नाही," ॲक्टर भूमिका न सोडता म्हणाला.

"बायकोशी भांडलास?"

"सोडून आलोय."

डॉली सरळ त्याच्या शेजारी जाऊन बसली. "मग बोल. हा काही एवढ्यात हिरवा होत नाही."

मी तेल्मोच्या 'कट'ची वाट बघत होतो. तेल्मो रडत होता. रीळ संपलं तरी डॉली त्या ॲक्टरला समजावत होती. अखेर त्याने खरोखरच गाडी वळवली.

दुसऱ्या दिवशी मी सिग्नल काढायला गेलो, तर डॉली खांबाला टेकून उभी.

"काल माझा कुत्रा पहिल्यांदा शांतपणे रस्ता ओलांडून गेला."

"मॅडम, काल रस्ताच बंद होता!"

"ते काही असो. दिवा राहणार."

प्रकरण काउंटीच्या सभेत गेलं. गावच्या गाव डॉलीच्या बाजूने. "अडचण काय आहे?" कमिशनरने मला विचारलं.

"आडवा रस्ता नाही, सर."

त्याने विचार केला. "मग करू की."

मी हसलो. बाकी कोणीच हसलं नाही.

रस्ता झाला. आम्ही गाड्या मोजायला बसलो, तशी डॉली आणि शेजारीपाजारी ट्रॅक्टर घेऊन दिवसभर इकडून तिकडे जात राहिले. वॉरंट नियमानुसार भरलं. नियमानुसार मी सही केली.

पुढे युनिव्हर्सिटीत तेल्मोने ती फिल्म दाखवली. बायको शैलाला हौसेने घेऊन गेलो. डॉलीचा सीन होता. त्याच्या जोरावर तेल्मोला पुढची फिल्मही मिळाली होती.

"तुझा सिग्नल कुठाय?" शैलाने विचारलं.

नव्हता. अख्ख्या फिल्ममध्ये दिवा एकदाही दिसला नाही; त्याच्याबद्दलचं बोलणंही कापलेलं. बाहेर तेल्मोला गाठलं.

"ठेवला होता," तो म्हणाला, "पण तिथे सिग्नल असेल, हे कोणाला पटेना."

त्यानंतर उरलेल्या नोकरीत मी टेंपररी परमिट कोणालाच दिलं नाही.