आधी स्वतः घेतलेली गोळी

"मी गिळल्याशिवाय तुम्हाला गिळायला देणार नाही," असं डॉक्टर एकदा एका रोग्याला म्हणाले, आणि पुढची सव्वीस वर्षं त्यांनी ते पाळलं.

ते नाक-कान-घशाचे डॉक्टर. दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत. मागच्या खोलीत एक आरामखुर्ची, खिडकीला पातळ पडदा. औषध कंपनीचा माणूस नवं काही ठेवून गेला की रविवारी दुपारी डॉक्टर त्या खुर्चीत बसून ते घेत आणि वाट पाहत. प्रत्येक औषधाला त्याचं त्याचं हवामान असतं, असं त्यांना वाटे. सायनसचा नवा फवारा मारला की कपाळामागची एखादी बंद खोली हळूहळू उघडायची. आत उजेड नसायचा, पण वारा असायचा. ॲसिडिटीची नवी गोळी घेतली की छातीतली शेगडी कुणीतरी आवाज न करता विझवून जायचं.

नव्या औषधांवर त्यांचा राग नव्हता, भाबडी भक्तीही नव्हती. "फवाऱ्याला आठवडा द्या," ते सांगत, "दोन दिवसांत बाटलीवर रुसू नका." घशाशी आंबट येणाऱ्यांना म्हणत, "गोळी चांगली आहे हो. पण जेवल्या जेवल्या आडवं पडायचं आणि वर्षानुवर्षं गोळ्या खायच्या, हे कुणी सांगितलंय?"

ॲलर्जीची नवी गोळी आली तेव्हाही त्यांनी रविवार गाठला. पडदा आत येत होता, बाहेर जात होता. रस्त्यावर कुणीतरी सायकल धूत होतं. पाण्याचा आवाज फार लांबून, जणू दुसऱ्या कुठल्या तरी दुपारीतून येत होता. उन्हाचा चौकोन खिडकीतून उतरला, फरशीवरून चालत कपाटापाशी गेला. डॉक्टरांनी तो सबंध प्रवास पाहिला, निदान त्यांना तसं वाटलं. संध्याकाळी वहीत लिहिलं : झोप नाही. डोकं निवळशंख.

औषधाच्या कागदावर 'काहींना गुंगी येऊ शकते' असं छापलं होतं. ते त्यांनी वाचलं होतं. पण छापलेल्यापेक्षा अनुभवलेलं खरं, असा त्यांचा हिशेब.

बुधवारी त्यांनी ती गोळी एका बस ड्रायव्हरला दिली. डेपोत त्याला शिंकोबा म्हणत; एकदा सुरू झाला की अकरा शिंका ठरलेल्या. "बिनधास्त घ्या, मी स्वतः घेऊन पाहिलीय," डॉक्टर म्हणाले.

नऊ दिवसांनी शिंकोबा परत आला. खुर्चीत बसला नाही.

"शिंका गेल्या, डॉक्टर. नोकरीही चाललीय. वळणावर बस खांबाला घासली. लागलं कुणाला नाही, पण डेपोत म्हणतात, हा डुलक्या घेतो. उद्या चौकशी आहे. स्टिअरिंग काढून घेतील आणि गेटवर बसवतील. तुम्ही एवढं लिहून द्या, की गोळीनं झोप येते."

"पण येत नाही ना! मी घेतलीय."

"तुम्ही घेतलीत. पण बस कुठं चालवलीत?"

"खोटं कसं लिहू मी?"

"बरं," शिंकोबा म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

जेवताना डॉक्टर नुसताच भात चिवडत होते. बायकोने दोनदा विचारल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. ती ताक ओतता ओतता थांबली.

"अहो, कुठला रविवार? सायकल धूत होते तो?"

"तोच. टक्क जागा होतो मी."

"डोळे उघडे होते, तेवढंच. तीन हाका मारल्या मी. चहा दिला, प्यायलात, आणि पाच मिनिटांनी विचारलंत, आज चहा नाही का? परत दिला. तोही प्यायलात. म्हटलं, साहेब कुठल्या तरी वेगळ्याच गावी गेलेत."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? सव्वीस वर्षं सगळं स्वतःलाच तर विचारताय."

डॉक्टरांनी ती दुपार आठवून पाहिली. त्यांना ऊन आठवलं, पडदा आठवला. हाक एकही आठवली नाही, चहाही नाही. गुंगीत असलेल्या माणसाला आपण गुंगीत आहोत हे कळत नाही, एवढी साधी गोष्ट त्यांना या वयात, ताकाच्या पेल्यासमोर कळत होती. त्यांनी औषध तपासलं होतं ते औषध घेतलेल्या डोक्याने. वळणावर शिंकोबालाही असंच वाटलं असेल. खांब लांब, फार लांब, दुसऱ्या कुठल्या तरी रस्त्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याला कडी होती.

डेपोच्या ऑफिसात टेबलाच्या एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला टोपी हातात घेतलेला शिंकोबा. डॉक्टर उभ्याउभ्याच बोलले. "या गोळीनं गुंगी येते. कागदावर तसं छापलंय. गाडी चालवणाऱ्याला ती देताना मी बजावायला हवं होतं. उलट मी बिनधास्त घ्या म्हटलं. चूक माझी आहे."

"हे लेखी द्याल?" साहेबांनी विचारलं.

डॉक्टरांनी लिहिलं, खाली सही केली, दवाखान्याचा शिक्काही मारला. साहेबांनी कागद दोनदा वाचला.

"ती गोळी बंद. सोमवारपासून ड्युटीवर या," ते शिंकोबाला म्हणाले. मग डॉक्टरांकडे वळले. "पण हा कागद फायलीत राहणार. गावभर होईल. तुमच्याकडे कोण येईल यानंतर?"

"मी येईन की," शिंकोबा म्हणाला, आणि त्याला शिंक आली. दुसरी आली. तिसरी.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं, ते खिशात अडकवलं, आणि दार उघडून ते बाहेर पडले.