अंजू सिस्टरचा डावा दंड

अंजू उरकुडे सिस्टरचा डावा दंड कुणी नीट निरखून पाहिला तरी त्यावर काही दिसणार नाही. सुईची खूण चार दिवसांत जाते. पण एकोणीस वर्षांत त्या दंडात निदान पाचशे सुया गेल्या असतील, आणि त्यातल्या बहुतेक वाकड्या. समुद्रपूरहून सकाळच्या एसटीने येऊन पुरुषांचा वॉर्ड सांभाळणाऱ्या या बाईचा नियम एकच होता. नर्सिंगच्या पोरीने पहिली सुई पेशंटला द्यायची नाही, सिस्टरला द्यायची. नवी सिरिंज, सलाईनचं पाणी, तेही अर्धा मिली. सिस्टर स्टुलावर बसायची, बाही वर सारायची आणि म्हणायची, "टोच वं. मी काई मरत नाई."

पोरीचा हात थरथरला की ते आधी दंडाला कळायचं. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. थरथर गेली की सिस्टर पोरीला खाटेशी न्यायची, जागा बोटाने दाबून दाखवायची आणि सुई बाहेर येईपर्यंत तिथून हलायची नाही. हे तिला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बाईला सुई देताना तिचा स्वतःचा हात हलला होता. ती बाई जी किंचाळली, ते अंजूच्या कानातून अजून गेलेलं नाही.

दोन वर्षांमागे दवाखान्यात कागद आला. वॉर्डात विद्यार्थ्यांना शिकवायचं तर यापुढे त्यासाठीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम केलेला हवा. बाकीच्यांनी आपापली ड्युटी करावी. बाकीच्या सिस्टर मनातून खूशच झाल्या, कारण पोरींचं लटांबर मागे घेऊन फिरायला कुणाला हौस आहे? अंजूने मात्र तो कागद दोनदा वाचला. वॉर्डातली साधी ड्युटी तिला नकोशी नव्हती. पण पोरी हाताखालून गेल्या तर आपण इथे नुसत्या गोळ्या वाटायला उरू, हे तिला स्पष्ट दिसलं. तिने एकटीने अर्ज भरला.

"पन्नाशीत आता परीक्षा देतं का वं?" नवरा गजेंद्र हसला. पण शनिवारी ऑनलाइन वर्ग असला की घरातला टीव्ही त्यानेच बंद केला, आणि नेट यावं म्हणून मोबाइल खिडकीच्या गजाला बांधूनही दिला.

वर्षभर तिने नेटाने केलं. पाठाची उद्दिष्टं कशी लिहायची, चुकलेल्या विद्यार्थ्याशी कसं बोलायचं, त्याचं मूल्यमापन कसं करायचं. तरण्या डॉक्टरांच्या वर्गात ती एकटी वॉर्डाची सिस्टर. यातलं निम्मं आपण करतोच, फक्त त्याला नावं ठाऊक नव्हती, असं तिच्या लक्षात आलं आणि तिला मनापासून बरं वाटलं. शिकवणारे ओमप्रकाश सर नागपूरचे, निवृत्त डॉक्टर, अतिशय भला माणूस. शेवटचा निबंध देताना ते म्हणाले, "तुमच्या शिकवण्यातली एक गोष्ट लिहा. अगदी खरी. इथे तुम्हाला कुणी दोष देणार नाही."

अंजूने दंडाची गोष्ट लिहिली. खरं लिहा म्हटलं की या बाईला खरंच लिहायचं असतं, त्याला कोण काय करणार?

सरांना निबंध इतका आवडला की समारोपाच्या दिवशी त्यांनी तो सगळ्यांपुढे वाचला. नाव घेऊन, दवाखान्याचं नाव घेऊन. टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेत पाहुणे म्हणून अंजूच्याच दवाखान्याचे मोठे साहेब बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

सोमवारी मेट्रन विमलाबाईंनी तिला ऑफिसात बोलावलं. एकोणीस वर्षांची ओळख, पण त्या दिवशी त्यांची मान वर होईना.

"अंजू, लेखी काऊन देलं वं? आमाले सगळ्याईले मालूम होतं. आमी कदी बोललो का?"

"सरांनी खरं लिहा म्हटलं, मॅडम."

"उद्या तुले काई झालं असतं तं कोन जिम्मेदार? पोरीच्या घरचे कोर्टात गेले तं?"

प्रश्न खोटे नव्हते. साहेबही काही राक्षस नव्हते. पण उत्तर म्हणून साहेबांनी टाइप करून पाठवलेला कागद विमलाबाईंनी पुढे ठेवला. मी कोणाही विद्यार्थिनीला माझ्या शरीरावर सुईचा सराव करू देणार नाही, चौकशी पूर्ण होईपर्यंत वॉर्डात शिकवणार नाही. अंजूने सही केली. ज्यासाठी वर्षभर शिकली, तेच तिच्या हातून गेलं, आणि तेही तिच्या सुंदर निबंधामुळे. जीव जाळावा असाच हा प्रकार आहे.

पोरी आता नर्सिंग शिकवणाऱ्या वर्षालीकडे गेल्या. वर्षाली हुशार, एम.एस्सी. झालेली, पण तिच्या एकटीच्या गळ्यात चार वॉर्ड आणि चाळीस पोरी. सुईचा सराव रबराच्या हातावर व्हायचा. दहा वेळा टोचलं की वहीत बरोबरच्या दहा टिका, की पोरगी तयार.

त्यात केळझरची मयुरी होती. काम मायेने करायची, पण हात वाऱ्यावरच्या पानासारखा. वहीत दहा टिका पडल्या होत्या. एक दिवस दुपारी ती वॉर्डातल्या औषधाच्या कपाटाशी अंजूजवळ येऊन उभी राहिली.

"सिस्टर, रबराले टोचताना काईच नाई होत. मानसापाशी गेली का हात थरथरून राह्यला माह्या. एक डाव तुमच्या दंडात देऊ द्या ना. कोनाले नाई सांगत."

अंजूचा उजवा हात आपोआप डाव्या बाहीकडे गेला. आणि थांबला.

"नाई बाई. मी लिहून देलं आहे," ती म्हणाली. "वर्षाली मॅडमले सांग."

मयुरीने मान हलवली. वर्षालीला तिने सांगितलं नाही, कारण दहा टिका पडल्यावर हात थरथरतो म्हणून सांगायची सोय कुणाला असते?

तिसऱ्या दिवशी तानबा भरती झाला. गिरडकडचा म्हातारा, सत्तरी ओलांडलेला, अंगावर मांस असं नाहीच. मुतखड्याने तळमळत होता. कमरेत दुखणं थांबवायची सुई द्यायची होती. वर्षाली शेजारच्या वॉर्डात अडकलेली, म्हातारा ओरडतोय, आणि मयुरी सिरिंज भरून उभी. अंजू तीन खाटांपलीकडे सलाईन लावत होती. पोरीचा हात तिला तिथून दिसला. जागा फार खाली, फार आत, पायाच्या नसेजवळ घेतली आहे, हेही दिसलं. तिने तोंड उघडलं. शिकवणार नाही असं लिहून दिलेलं आठवलं, आणि ती क्षणभर थांबली.

सुईला तेवढा क्षण पुरला. तानबा विजेचा झटका बसावा तसा ओरडला.

मुतखडा पडून गेला. पण उजवं पाऊल लोंबकळू लागलं. डॉक्टर म्हणाले, नसेला लागलंय. सुधारलं तर महिन्यांनी, नाहीतर नाहीच. मयुरीने वसतिगृहातून बॅग उचलली ती परत आली नाही. तिचा फोनही लागत नाही. अंजूने वरपर्यंत लेखी कळवलं की मी पाहिलं आणि मी थांबले. त्याचं उत्तर आलं नाही.

रोज दुपारी ती तानबाच्या पायाशी बसते.

"बाबा, अंगठा वर करा."

"करून राह्यलो ना माय," तानबा म्हणतो. तो खरंच जोर लावत असतो, कपाळावर घाम येतो. अंगठा हलत नाही. "बरा होईन तं टेकडी चढतो गिरडची. दर साली जातो मी. त्या पोट्टीले बोलू नोका बरं. लेकरू होतं ते."

अंजू हो म्हणते. मग पाऊल हातात घेऊन अंगठा स्वतःच वर करते.

मागच्या आठवड्यात मोबाइलवर निरोप आला. प्रमाणपत्र तयार आहे, विशेष प्रावीण्य. सगळ्या दवाखान्यात वॉर्डाची सिस्टर असून ते मिळवणारी ती एकटीच. पण ते उघडण्याआधी एक रकाना भरणं सक्तीचं होतं: या अभ्यासक्रमामुळे तुमच्या शिकवण्यात काय बदल झाला?

एसटी यायला वेळ होता. स्टँडवरच्या बाकावर बसून तिने एका बोटाने सावकाश टाइप केलं: पोरीने दंड मागितला, मी दिला नाही.

 मग एकेक अक्षर पुसलं आणि लिहिलं, खूप फायदा झाला.