नानांकडे कानबाई बसली नाही, ते वर्ष

भूतखेत, करणी, बाहेरचं… मी कशालाच मानत नाही. सिमेंटच्या गोण्या वाहून प्रोजेक्ट मॅनेजर झालेला माणूस आहे मी. समोरच्याचं तोंड बघायचं आणि भाव पाडायचा, एवढंच मला कळतं. तरीही हे लिहितोय.

जळगावच्या एका बांधकाम कंपनीत होतो. रावेरजवळ केळीसाठी कोल्ड स्टोरेज चाललं होतं. शेठजींनी एआयचं सॉफ्टवेअर आणलं — वेळापत्रक तेच लावणार, ठेकेदारांच्या मागे तेच लागणार, रिपोर्टही तेच देणार. मग मी? "तुम्ही फक्त लक्ष ठेवा," शेठजी म्हणाले. म्हणजे वॉचमन!

सेंटरिंगचं काम नानांकडे. धुळ्याकडचे, अख्खी टोळी त्यांच्या भाऊकीतली. नागपंचमीनंतरच्या रविवारी त्यांच्याकडे कानबाई बसते — आम्हा खानदेशींची देवी — सोमवारी विसर्जन. त्या दिवसांत दुप्पट मजुरी द्या, माणूस गाव सोडत नाही. म्हणून ती सुट्टी मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये भरली होती. वेळापत्रक आलं, तर बाकी टोळ्यांची सुट्टी तशीच… नानांची तेवढी काढून टाकलेली.

मीटिंगमध्ये मी मोठ्याने हसलो. "शेठजी, तुमच्या मशीनला कानबाई कळत नाही!"

शेठजींनी तिथेच टाइप करून कारण विचारलं. स्क्रीनवर उत्तर आलं — ‘त्यांच्याकडे यंदा कानबाई बसणार नाही.’

माझं डोकंच फिरलं. नानांना स्पीकरवर फोन लावला.

"कोन सांगस?" नाना हसले. "आमना घर बाया कानबाईना निवदले रोटना गहू निवडी राहिन्यात ना भाऊ!"

मी टेबलावर हात आपटला. "सोमवारी ही टोळी साइटवर दिसली, तर माझी खुर्ची मशीनला द्या."

"मंजूर," शेठजी म्हणाले. खडीच्या एका ट्रकसाठी तासभर घासाघीस करणारा माणूस! माझ्यासाठी एक शब्द पुरला.

त्याच आठवड्यात नानांचा चुलतभाऊ विहिरीवर मोटार सुरू करायला गेला आणि शॉक लागून जागीच गेला. धडधाकट माणूस. भाऊकीला सुतक लागलं. कानबाई राहिली.

सोमवारी साइटवर पोहोचलो, तर टोळी कामाला लागलेली.

"सुतक शे, भाऊ. घर बसीसन काय करसूत?" नाना म्हणाले. मग जवळ येऊन हळूच, "तुमना मशीनले पहिलेच कसं समजनं?"

माझ्याकडे असे बघत होते, जसं काही मीच केलंय. त्यानंतर त्यांनी माझा फोन उचलला नाही.

शेठजींनी गेलेल्या माणसाचं नावसुद्धा विचारलं नाही. "ॲक्युरेट आहे," एवढंच म्हणाले. आणि सौदा पाळला.

सॉफ्टवेअरवाल्याशी मी कडकडून भांडलो. "कुठून तरी डेटा मिळाला असेल, सर," म्हणे. कसला डेटा? माणूस जिवंत असताना त्याच्या सुतकाचा? योगायोग म्हणावा, तर यंत्राने नेमकं कानबाईचंच नाव का घ्यावं? आज धुळ्यात किरकोळ ठेके घेतो, मिळेल त्याला विचारतो. अजून कुणी पटेल असं सांगितलेलं नाही.

ऑफिसचा लॅपटॉप परत करायच्या दिवशी ते सॉफ्टवेअर उघडंच होतं. आमच्याकडेही कानबाई बसते. पुढच्या वर्षी बसेल का, एवढंच टाइप करायचं होतं… बोटं कीबोर्डवर होती.

मी झाकण लावलं आणि लॅपटॉप देऊन टाकला.